उताण्या तात्यांना मदत

एका जंगलात, फार लांब नाही, इथंच आपल्या पलीकडे, तात्या नावाचे एक कासव राहायचे. एके सकाळी तळ्याकडे जाताना उतारावर ते अडखळले आणि उताणे पडले. पाय वर, पोट वर. हसू नका रे, उन्हात उताणं पडून बघा म्हणजे कळेल! लवकर पाण्यात गेले नाहीत तर खेळ खलास, हे तात्यांना पक्कं ठाऊक होतं.

"अहो, कुणी आहे का?"

कुसुमताई हरिणी धावत आल्या. एक ढुशी दिली, तात्या सुलटे! कुसुमताईंचे डोळे भरून आले.

"किती बरं वाटलं हो मला!"

तात्या आभार मानून निघणार, तेवढ्यात धापा टाकत बापूसाहेब अस्वल आले. सुलटे तात्या बघून त्यांचं तोंडच उतरलं.

"झालं पण? मी एवढ्या लांबून मदतीला आलो!"

कुसुमताई मनाच्या फार मोठ्या. "हिरमुसता काय? या ना," म्हणाल्या, आणि तात्यांना त्यांनी पुन्हा उताणं केलं.

"अहो, पण..."

"थांबा हो तात्या. त्यांनाही करू द्या की!"

बापूसाहेबांनाही बरं वाटलं. मग वानरं आली, ससे आले. रांगच लागली. तात्या उताणे, तात्या सुलटे, तात्या उताणे.

"मेलो हो! पाणी!" तात्या कळवळले.

"बघा," कुसुमताई गहिवरल्या, "किती गरज आहे यांना मदतीची!"

इतक्यात केरबा रानडुक्कर आला. आधीच तिरसट, त्यात उपाशी.

"वाट अडवून काय बसलाय? कामधंदे नाहीत का?"

कुणी हलेना. केरबानं वैतागून तात्यांना मुस्काटानं असं ढकललं, की ते उतारावरून गडगडत थेट तळ्यात! केरबानं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.

"काय हा निर्दयपणा!" कुसुमताई ओरडल्या. "अजून निम्मी रांग बाकी होती!"

तिथल्या तिथं सभा भरली. केरबाचा जाहीर निषेध झाला. तात्यांनी पाण्यातून डोकं वर काढलं.

"अहो, पण मी वाचलो ना!"

"ऐकलंत?" बापूसाहेब म्हणाले. "आपल्या कष्टांचं नावसुद्धा नाही तोंडात."

तात्यांनी गुपचूप बुडी मारली.

तात्पर्य: संकटात सापडलात तर सुटायची घाई करू नये, मदतीला आलेल्या सगळ्यांचं समाधान होऊ द्यावं. तेवढा दम नसेल, तर पडतानाच एखाद्या तिरसटाची वाट बघून पडावं.