अठरा बाय नऊ

गॅरेज हे गाडीसाठी नसतं, ते पुढच्या पिढ्यांसाठी असतं. मास्तरांनी हे वाक्य रविवारी सकाळी, चहाचा कप खाली ठेवून, अत्यंत गंभीरपणे उच्चारलं. पुढची पिढी समोरच बसून पायाच्या नखांना रंग लावत होती. तिने मान वर न करता विचारलं, "म्हणजे माझं बॅडमिंटन बंद?"

हे मास्तर शाळेतले नव्हेत, कपडे शिवणारे. घराच्या पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोल्यांत संसार आणि मध्ये एक पडदा. पडद्याच्या एका बाजूने गिऱ्हाईक विचारायचं, "मास्तर, पँट कधी देताय?" दुसऱ्या बाजूने बायको विचारायची, "अहो, विजेचं बिल भरलंत का?" आई विचारायची, माझा चष्मा कुठेय, तो तिच्या कपाळावर असायचा. मास्तर न्हाणीघरात शिरले तरी दारावर थाप पडायची, "अहो, ते विचारतायत, गुंड्या काळ्या लावणार की तपकिरी?" गेल्या वीस वर्षांत मास्तरांना सलग दहा मिनिटं कुणी काही विचारलं नाही, असं एकदाच घडलं होतं. तेव्हा त्यांना भूल दिलेली होती.

म्हणून मास्तरांना गॅरेज हवं होतं. घराला चिकटून नव्हे. अंगणाच्या पार टोकाला, वेगळं, चार भिंतींचं. आत गाडी आणि गाडीच्या पुढे, शेवटच्या भिंतीशी, एक खुर्ची. बस्स. खुर्चीबद्दल त्यांनी कुणाला चकार शब्द सांगितला नव्हता. सांगितलं असतं तर लगेच प्रश्न आला असता, "कशाला?"

"चोवीस बाय सोळा," मास्तर म्हणाले.

"फूट?" बायकोने विचारलं.

"मग काय इंच?"

"अहो, आपली गाडी केवढी, तुम्ही बोलताय केवढं! तिला काय आत फेऱ्या मारायच्यात?"

"दाब ठेवावा लागतो," मास्तर म्हणाले. दाब म्हणजे शिलाईत आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड. माणूस पुढे सुटला तर उसवून सैल करता येतं. मास्तरांचा आयुष्यातल्या बहुतेक गोष्टींवर विश्वास नव्हता, पण दाबावर होता.

"गाडी सुटते का?" लेकीने विचारलं.

हा प्रश्न मास्तरांनी त्या दिवसापुरता सतरावा म्हणून मनात मोजला आणि टेप घेऊन ते अंगणात गेले. गाडीचं माप त्यांनी रीतसर घेतलं. लेकीला ऑर्डरची वही घेऊन उभं केलं आणि एकेक आकडा पुकारला. "लांबी एकशे बेचाळीस. छाती सहासष्ट." गाडीला छाती कुठे असते, हे लेकीने विचारलं नाही, कारण तिला लवकर सुटायचं होतं. माप घेताना गिऱ्हाईक जसं पोट आत घेतं, तसे मास्तरांनी गाडीचे दोन्ही आरसे आत दुमडले होते.

मग त्यांनी आठवडाभर रद्दी चिकटवून गॅरेजचं पूर्ण मापाचं कागदी कटिंग तयार केलं. चोवीस फूट लांब आणि सोळा फूट रुंद. ते अंगणात पसरून कडेने दगड ठेवले, तेव्हा असं लक्षात आलं की अंगण संपलं.

"माझी फुलझाडं कुठेयत?" आईने विचारलं.

"तिथेच आहेत. राजकारणाच्या पानाखाली."

"अरे, मग काढ ना ते! काळं पडेल रोपटं!"

फुलझाडांसाठी दोन फूट कापले गेले. मास्तरांची कात्री त्यांच्याच हातात होती, त्यामुळे तक्रार करायला जागा नव्हती. बायकोने कपडे वाळत घालायच्या दोरीसाठी तीन फूट मागितले. तेही गेले. एवढ्यात साडूभाऊ आले.

साडूभाऊ, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, हे प्रत्येक विषयातले जाणकार होते. ज्यातलं त्यांना कळत नसे, त्यात ते जरा मोठ्याने जाणकार असत. त्यांनी कागदाभोवती एक फेरी मारली आणि उसासा सोडला.

"मास्तर, तुमची झेपच लहान! दोन गाड्यांचं बांधा."

"गाडी एकच आहे, भाऊजी," बायको म्हणाली.

"आज एक आहे. उद्या पोरगी घेईल. परवा जावई घेऊन येईल. तेव्हा काय, त्याला रस्त्यावर उभा करणार?"

"काका, मी नववीत आहे," लेक म्हणाली.

"तेच म्हणतोय मी. दिवस कसे जातात!"

साडूभाऊंनी खडूने बाहेरून दुसरी रेघ मारली. तिच्यात फुलझाडं, दोरी, बॅडमिंटन आणि शेजाऱ्याच्या कुंपणाचा काही भाग आला. मग आईने पायाने पुसून तिसरी मारली. पुढचे पंधरा दिवस असंच चाललं. सकाळी मास्तर खडूने रेघ मारत, दुपारी ती आत सरकलेली असे, आणि सरकवणारं माणूस त्यांना संध्याकाळी ताट वाढत असे.

शेवटी बायकोने निर्णायक बैठक बोलावली.

"हे बघा, गाडी बारा फुटांची. लांबी अजून अठरा आहे. वरचे सहा फूट कशाला?"

"बॉनेट उघडायला."

"बॉनेट वर उघडतं. पुढे नाही उघडत."

"मेकॅनिकला उभं राहायला जागा नको?"

"तो काय आडवा उभा राहतो?"

मास्तरांच्या मनात खुर्ची, तिच्यासमोर पाय पसरायला जागा, आणि पायांना कुणाची नजर लागू नये इतका आडोसा, असा त्या सहा फुटांचा हिशेब होता. तो मांडणं शक्य नव्हतं.

"एक काहीतरी कापा," बायको म्हणाली. "लांबी नाहीतर रुंदी. मला दोरीला अजून जागा हवीय, हिला खेळायला हवीय. उगाच सगळ्यांचा जीव काढू नका."

"रुंदी कापतो," मास्तर इतक्या चटकन म्हणाले, की बायकोने त्यांच्याकडे एकदा रोखून पाहिलं. पण सौदा फायद्याचा होता, त्यामुळे तिने तो लगेच मान्य केला. रुंदी अकरावरून दहावर आली, मग नवावर. मास्तर उदार मनाने देत गेले. सहासष्ट इंची छाती, एकशे आठ इंची गॅरेज. म्हणजे बेचाळीस इंचांचा दाब. जगात कुठल्याही गिऱ्हाइकाला एवढा दाब कुणी दिलेला नव्हता.

मिस्त्रींना त्यांनी माप चिठ्ठीवर लिहून दिलं, जसं कारागिराला देतात तसं. 'लांबी १८, रुंदी ९.' मिस्त्रींनी चिठ्ठी उलटी करून पाहिली. मागे कुणाच्या तरी कोटाचे खांदे होते.

"मास्तर, हे नऊ भिंतीसकट का भिंत सोडून?"

मास्तरांना हा अपमान वाटला. "मिस्त्री, तीस वर्षं शिवतोय. शर्टाचं माप कापडासकट देतात का कापड सोडून? माप म्हणजे माप. बाहेरून धरा नाहीतर आतून, नऊ म्हणजे नऊ."

कापडाला जाडी नसते. निदान कुणी धरत नाही. भिंतीला मात्र नऊ इंच असते, आणि भिंती दोन असतात, आणि दोन्हींना प्लास्टर लागतं. मिस्त्रींना हे ठाऊक होतं. पण त्यांना हेही ठाऊक होतं, की वाद घातला तर घरमालक रागावतो आणि न घातला तर पुन्हा बोलावतो. त्यांनी बाहेरून नऊ फूट धरले आणि कामाला लागले.

दोन महिन्यांनी गॅरेज उभं राहिलं. आत जाऊन बघावं असं मास्तरांना रोज वाटे. पण आत सिमेंटच्या गोण्या, घमेली आणि मिस्त्रींची सायकल असल्यामुळे जे लहान दिसतंय ते सामानामुळे, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. सामान हलल्याच्या दिवशी त्यांनी सगळ्यांच्या आधी उठून दुकानातली जुनी खुर्ची तिथे नेली. शेवटच्या भिंतीशी ठेवली, हात फिरवला आणि वर एक पोतं टाकलं.

उद्घाटनाला साडूभाऊ आले. मास्तरांच्याच मोठ्या कात्रीने त्यांनी फीत कापली, तीही तिरपी. मिस्त्री उरलेलं सामान न्यायला आले होते, तेही थांबले. आई खुर्ची टाकून बसली. मास्तर गाडीत बसले, काचा वर केल्या आणि साडूभाऊंनी सूत्रं हातात घेतली.

"या, या, या... थोडं डावीकडे... अहो, माझं डावं! आता उजवीकडे... या... बास! एकदम मधोमध! क्रीज पाडल्यासारखी!"

गाडी खरोखरच मधोमध उभी राहिली. दोन्हीकडे साडेअकरा-साडेअकरा इंच. समोर, काचेपलीकडे, पाच-साडेपाच फूट मोकळी फरशी आणि पोतं पांघरलेली खुर्ची. मास्तरांचा ऊर भरून आला. त्यांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं आणि दार उघडलं. दार भिंतीला टेकलं.

मास्तरांनी आधी डोकं बाहेर काढलं. ते निघालं. मग खांदा. तोही थोड्या चर्चेनंतर निघाला. पोटाने नकार दिला. तीस वर्षं दुसऱ्यांच्या पोटाची मापं ज्याने सभ्यपणे आणि हळू आवाजात सांगितली, त्या माणसाने स्वतःच्या पोटाला टेप कधी लावला नव्हता. त्यांनी पलीकडचं दार बघितलं. तिकडेही तीच भिंत, तोच साडेअकराचा आकडा. मास्तरांनी डोकं आत घेतलं आणि दार लावून घेतलं.

"काय झालं?" बायकोने बाहेरून विचारलं.

"अडकले," साडूभाऊंनी जाहीर केलं. "मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो, दोन गाड्यांचं बांधा!"

"माझ्या फुलझाडांवर डोळा होता ना? घ्या आता!" आई म्हणाली. "अरे, श्वास घेतोयस का नीट?"

"मिस्त्री, हे असं कसं बांधलंत?" बायकोने विचारलं.

"बाई, मी विचारलं होतं. मास्तर म्हणाले, नऊ म्हणजे नऊ. चिठ्ठी आहे माझ्याकडे." मिस्त्रींनी खरोखरच चिठ्ठी काढली. साडूभाऊंनी ती कोटाच्या बाजूने वाचली आणि म्हणाले, की खांदे सतरा असतील तर हे असंच होणार.

आत मास्तर दारावर थाप पडायची वाट बघत होते. ती पडली नाही, कारण दारापर्यंत शिरायला कुणी धजत नव्हतं. काचा बंद होत्या. मागून आवाज येत होते, पण कापसात गुंडाळल्यासारखे. सगळे बोलत होते, मास्तरांबद्दलच बोलत होते, पण एकमेकांशी. गाडीचं तोंड भिंतीकडे असल्यामुळे कुणाचा चेहराही दिसत नव्हता.

पाच मिनिटं झाली. मास्तरांनी सीट मागे टेकवली. ती टेकते हे त्यांना माहीत होतं, पण टेकवून बघायचा प्रसंग आला नव्हता. सात मिनिटं झाली. त्यांनी चपला काढल्या. समोरच्या खुर्चीला हात नव्हते, गादी नव्हती, आणि तिचा एक पाय आखूड होता, हे त्यांना इथून स्पष्ट दिसलं. दहा मिनिटं झाली. अकरावं मिनिट लागलं, तसे मास्तर घड्याळाकडे बघून दचकले. त्यांनी किल्ली अर्धी फिरवून रेडिओ लावला. शेतीविषयक कार्यक्रम चालू होता. मास्तरांना शेती नव्हती, त्यामुळे तो फार आवडला.

बाहेर एव्हाना तीन ठराव मांडले गेले होते. मागची काच फोडावी, हा साडूभाऊंचा. दोन दिवस जेवण देऊ नये म्हणजे आपोआप निघेल, हा आईचा. पण तिने तो लगेच रडून मागे घेतला. मिस्त्रींचं म्हणणं, बाजूची भिंत फोडायची. "आपलीच भिंत आहे, बाई. आपणच बांधली, आपणच पाडू. घण सायकलवरच आहे."

"पाडा," बायको म्हणाली. "माणसापेक्षा भिंत मोठी आहे का?"

मिस्त्रींनी घण आणला आणि भिंतीवर ठोकून पोकळ जागा शोधू लागले. ठक, ठक. पोकळ जागा मिळेना. बांधकाम पक्कं होतं.

बायकोला राहवेना. ती आडवी होऊन, भिंतीला पाठ घासत, गाडीच्या मागच्या दाराच्या काचेशी गेली आणि डोकावली. सीट आडवी. चपला डॅशबोर्डवर. तोंड किंचित उघडं. तिने त्यांची छाती हलते का ते निरखून पाहिलं. एवढ्यात मिस्त्रींचा घण जरा जोरात बसला. आतल्या देहाने डोळे उघडले, मोठा सुस्कारा सोडला, उठून बसून हात खाली नेला, आणि गाडीच्या मागे एक पांढरा दिवा लागला.

बायकोने त्या दिव्याकडे पाहिलं.

हात तिथेच थांबला. मग, अंथरुणातून उठलेला माणूस पुन्हा पांघरूण ओढतो तसा, तो परत फिरला. दिवा विझला. सीट पुन्हा मागे गेली.

बायको, आली तशीच पाठ घासत, बाहेर आली. साडीला सगळा चुना लागला होता.

"काय गं, जिवंत आहे ना?" आईने विचारलं.

"आहेत."

"मग मारू का घाव?" मिस्त्रींनी विचारलं.

"आधी जेवून घ्या, मिस्त्री. भाऊजी, तुम्हीपण चला. भिंत काय पळून जात नाही."

"अगं, पण ते आत..."

"असू देत, भाऊजी. काही लागलं तर हॉर्न वाजवतील."

सगळे घरात गेले. ताटं मांडली गेली, दोन-तीन पदार्थांवर साडूभाऊंनी मार्गदर्शन केलं, आणि जेवणं होऊन हात धुवेपर्यंत तास उलटला. हॉर्न वाजला नाही. गाडीला रिव्हर्स गियर होता.