बुडापेस्टच्या रश्श्याची चौकशी

माणसाने काय खाल्लं यापेक्षा त्याने ते कुणाला विचारून खाल्लं, यावर समाजाचं स्थैर्य अवलंबून असतं. सोलापुरात नव्या पेठेमागच्या पिंपळबोळाला हे फार पूर्वीच पटलेलं होतं. म्हणून चौतीस सालच्या फाल्गुनात वेणीमाधव युरोपातून परतला तेव्हा बोळाने सकाळी त्याला हार घातला आणि संध्याकाळी त्याच्यावर चौकशी समिती नेमली. (हार आणि समितीचा चहा यांची वर्गणी एकच होती.)

वेणीमाधव गिरणीत कारकून. गिरणीच्या इंजिनिअर साहेबाला तिकडचे नवे माग बघायचे होते आणि बघितलेलं टिपून घ्यायला कुणीतरी हवं होतं, म्हणून हा गेला. माणूस सरळ. इतका सरळ, की पारावर कुणी "तिकडं जेवणाचं कसं केलंस रे?" असं विचारलं तर याने खरंच सांगितलं. अशा वेळी शहाणी माणसं दूध आणि केळी म्हणतात. वेणीमाधव म्हणाला, "बुडापेस्टला साहेबाबरोबर एका जुन्या खानावळीत गेलो होतो की. अस्सल हंगेरी पद्धतीची. झकास होती!"

तो 'झकास' दोन दिवसांत बार्शीला पोहोचला. बार्शीला वेणीमाधवच्या धाकट्या बहिणीचं, मालतीचं, लग्न ठरलं होतं. व्याह्यांचा निरोप आला, की मुलगी पसंत आहे, पण तिच्या भावाने परदेशी खानावळीत काय केलं याचा बोळाने निकाल द्यावा. तोवर आम्ही त्याच्या पंगतीला बसणार नाही, आणि पंगत नाही तर लग्नही नाही. मुहूर्त वैशाखातला. मालतीला मुलगा मनापासून आवडला होता (हे तिला कुणी विचारलं नव्हतं, सबब त्याची नोंद नाही). वडिलांच्या माघारी बहिणीचं लग्न हे एकच मोठं काम वेणीमाधवने अंगावर घेतलं होतं, आणि ते आपल्याच जिभेने बिघडवलं म्हणून त्याला जेवण जाईना.

समिती पाच जणांची होती. अध्यक्ष यज्ञेश्वरपंत, कलेक्टर कचेरीतून पेन्शनीत निघालेले. परदेशगमनाच्या प्रश्नावर त्यांचा अधिकार वादातीत होता. ते स्वतः पश्चिमेकडे थेट जिल्ह्यातल्याच केमपर्यंत जाऊन, कुंकू घेऊन, पुढच्या गाडीने सुखरूप परत आले होते. पोटाच्या तक्रारीमुळे बरीच वर्षं ते मऊ भात आणि मेतकुटावर होते, तेव्हा अन्नाच्या प्रश्नाकडे निर्विकारपणे पाहणारा दुसरा माणूस मिळणं कठीण होतं. सभासदांपैकी आण्णा कुरुलकर ठार बहिरे. पण बैठका वेणीमाधवच्या ओसरीवर भरत आणि मालती चहाबरोबर शेंगाची पोळी देई, त्यामुळे आण्णांनी एकही बैठक चुकवली नाही.

पहिल्याच बैठकीत वेणीमाधव हात जोडून म्हणाला, "पंत, एका वाक्यात सांगून टाकतो. मी तिथं फक्त..."

"थांब," पंत म्हणाले. "क्रमाने. आधी दार सांग. दार कसं होतं?"

चौकशीचं तत्त्वच असं आहे, की निष्कर्ष शेवटी यायचा असतो. आधी आला तर त्याला अफवा म्हणतात. त्यामुळे पहिली बैठक दारावर खर्च झाली. दाराच्या दोन्ही अंगांना लाल मिरच्यांच्या माळा टांगलेल्या होत्या, हे ऐकून समितीने "आपल्याकडे दसऱ्याला झेंडू, तसं" असं समाधान करून घेतलं. दुसऱ्या बैठकीत भरतकामाचा टेबलावरचा कपडा, तिसरीत वाजंत्री. तिकडे फिडलवाला जेवणाऱ्याच्या अगदी कानाशी येऊन वाजवतो आणि खूश झालेलं गिऱ्हाईक त्याच्या कपाळाला नोट चिकटवतो. नोट चिकटते कशाने, यावर समितीत दोन तट पडले. (घाम की थुंकी. प्रश्न मतास टाकला. घाम तीन, थुंकी एक, आण्णा तटस्थ.)

चौथ्या बैठकीपासून पदार्थ आले. जाड सायीत कालवलेली काकडी. ताज्या चक्क्यात घोळलेल्या रुंद शेवया. घावनासारखं पातळ काहीतरी, आत अक्रोडाचं गोड सारण, वरून दाट रस सोडलेला. "थोडं सावकाश," पंत डोळे मिटून म्हणाले. "नोंद घेणाऱ्याला त्रास होतो." नोंद कुणीच घेत नव्हतं. वेणीमाधवला बैठक आटोपायची घाई होती, पण त्याला अर्धवट सांगता येत नसे. एकदा शेवया म्हटलं की त्यांच्यावरची वाफही सांगितल्याशिवाय त्याला राहवत नसे, आणि वाफ आली की बैठक पुढे ढकलली जाई.

पाचव्या बैठकीत मूळ मुद्दा निघाला. साहेबाने नदीतल्या मासळीचा रस्सा मागवला होता. तो लहानशा काळ्या कढल्यात आणतात आणि कढलं टेबलावरच तिकाटण्याला टांगतात. रंग असा, की बघणाऱ्याच्या कानांच्या पाळ्या तापाव्यात. कढलं वेणीमाधवच्या नाकासमोर होतं. आता समोरून वास आला, तर तो किती? गंभीर विचारान्ती पंतांनी दर ठरवले. प्रत्यक्ष खाणं म्हणजे सोळा आणे भोजन. वास, आठ आणे. दर्शन, चार आणे. शिवाय खिडकीला लागून बोळातली पोरंटोरं ऐकत बसत, त्यांना धाक बसावा म्हणून श्रवण, दर खेपेला दोन आणे. ठराव एकमताने संमत झाला. पोरं पळाली नाहीत.

सहाव्या बैठकीला नव्या पेठेतला मिरचीचा व्यापारी सिद्धाप्पा तज्ज्ञ म्हणून आला. वेणीमाधवने आईसाठी तिकडच्या लाल पुडीचं एक पाकीट आणलं होतं, ते त्याच्यापुढे ठेवलं. सिद्धाप्पाने चिमूट जिभेवर टाकली. (हे खाणं होतं की तपासणी, हे समितीच्या अधिकारकक्षेबाहेरचं.)

"रंग लई हाय," तो म्हणाला, "केमचं कुंकू मागं सारील. पर झणका कुटं हाय? ह्ये निसतं दाखवायचं तिखट की, पंत."

पाश्चात्त्य सुधारणेवरचा हा अभिप्राय समितीला इतका आवडला, की सातवी बैठक केवळ त्याच्या कौतुकासाठी आणि घावनाचा भाग पुन्हा ऐकण्यासाठी बोलावण्यात आली. तेवढ्यात बार्शीहून माणूस आला. उद्या निकाल मिळाला नाही, तर व्याही दुसरं स्थळ बघणार होते.

आठव्या बैठकीत वेणीमाधव जवळजवळ रडकुंडीला आला. "पंत, पाया पडतो तुमच्या. आज काय ते ठरवा. पोरीचं लग्न मोडेल हो."

"ठरवणारच," पंत मायेने म्हणाले. "एक बारीक शंका राहिली. तो रस्सा पीठ लावून दाट करतात की आपसूक होतो? ते पुढच्या बैठकीत घेऊ."

मालतीने चहाचं तबक खाली ठेवलं. एरवी ती ठेवून आत जात असे. आज गेली नाही. "पंतकाका, एक हिशेब विचारू?"

"विचार की."

"दादाने रस्सा बघितला, चार आणे. वास आला, आठ आणे. बारा झाले."

"बरोबर."

"आणि ऐकण्याचे दर खेपेला दोन. ही आठवी बैठक. आठ दुणे सोळा." बेरीज पक्की होती. "म्हणजे तुमचं पोटभर जेवण झालं की, काका. दादाच तुमच्यापेक्षा चार आण्यांनी शुद्ध राहिला."

आण्णांनी चहाचा फुरका मारला. पंत कचेरीत मुरलेले होते. त्यांनी लगेच हरकत घेतली. "दर पाचव्या बैठकीत ठरला. आधीच्या बैठकांना तो लागू होत नाही."

"मग बुडापेस्ट तर त्याच्याही आधीचं," मालती म्हणाली.

कायद्याचं राज्य असं अचानक घरात शिरलं की मोठमोठी माणसं नमतं घेतात. समितीने तिथल्या तिथे ठरवलं, की प्रतिवादी आणि समिती यांनी एकत्रच पंचगव्य घ्यावं. प्रश्न राहिला तो कुणाच्या हातून घ्यावं एवढाच. अख्ख्या बोळात ज्याच्या कानी बुडापेस्टचा एक शब्दही गेला नाही असा पुरुष एकच निघाला, आणि तो तिसरी शेंगाची पोळी खात होता. आण्णांना सगळं खुणांनी समजावावं लागलं, कारण ओरडून सांगितलं असतं तर तेही दोन आण्यांनी बाटले असते.

बार्शीला निकाल गेला, की वेणीमाधवने पिंपळबोळातल्या समस्त प्रतिष्ठितांसमवेत शुद्धी घेतली. एवढी बडी माणसं मुलीच्या भावाबरोबर उभी राहिली हे वाचून व्याही भारावले. लग्न थाटात झालं. मालती बोहल्यावर हसू दाबत होती, आणि वेणीमाधवला कित्येक दिवसांनी भूक लागली होती. आमटीचा रंग त्या दिवशी कधी नव्हे इतका लालभडक होता. पाकीट आईनेच संपवलं होतं. सगळ्यांनी दोनदा मागून घेतली. पंत मऊ भात सोडून हट्टाने वेणीमाधवच्या शेजारी बसले आणि चित्राहुती झाल्यावर हळूच म्हणाले, "पिठाचं राहिलंच बघ."

आठ बैठकांत "तू तो रस्सा खाल्लास का?" असं मात्र कुणीही विचारलं नाही. विचारलं असतं तर वेणीमाधवने सरळ उत्तर दिलं असतं आणि चौकशी पहिल्याच संध्याकाळी संपली असती. समितीला तो प्रश्न पडला नाही. तो पडला आहे वाचकांना.

वाचनाचा वेगळा दर समितीने ठरवलेला नाही, पण चालू दरांवरून तो काढता येतो. रस्सा डोळ्यांपुढे आला असेल त्याचे चार आणे. काकडी-शेवयांच्या ठिकाणी वास आल्यासारखं वाटलं असेल, त्याचे आठ. मनातल्या मनात ऐकू आलं, दोन. आणि "पण खरंच खाल्लं का हो त्याने?" या चौकशीचे, समितीच्या मानाने अगदी माफक, दोन. बेरीज आपली आपण करावी. आण्णा रोज सकाळी ओसरीवर असतात. येताना स्वतःची वाटी आणावी.