मामासाहेबांनी बैठक राखिली त्याची हकीकत

ऐक, मध्ये बोलू नकोस. राजमान्य राजेश्री मामासाहेब, 'मनावर ताबा' वर्गाचे संस्थापक आणि एकमेव गुरू, यांजवर भर वर्गात खाजेची स्वारी जाहली, तिची ही साद्यंत हकीकत.

मामासाहेबांचा दावा असा की खाज शरीराला नसते, दुबळ्या मनाला असते. तर त्या दिवशी हॉलच्या मालकीणबाई जातीने पाहणीस आल्या. वर्गात दम दिसला तर ठीक, नाहीतर हॉलला कुलूप. मग मामासाहेबांनी फर्मान सोडले की समस्त शिष्यांनी डोळे मिटून दगड व्हावे, हलेल त्याने उद्यापासून येऊ नये. आणि खासे स्वतः समोर मांडी घालून दगड जाहले, डोळे मात्र उघडे, कारण पहारा कोण करणार? तिथेच घात झाला. मालकीणबाईंची नजर गुरूंच्या तोंडावर, गुरूंची शिष्यांवर, आणि पुढच्या रांगेत डुलक्या घेणाऱ्या निवृत्त मास्तरांनी झोपेतच मान कराकरा खाजवली.

खाज ही जांभईची सख्खी बहीण, दिसली की लागलीच. मग मेंदूच्या दरबारी आवई उठली की गनीम उतरला, आणि कुठे, तर ज्या मुलखाचं नाव चारचौघांत घेत नाहीत तिथे, डाव्या बाजूस. तिथे मुंगीसुद्धा नव्हती रे. पण दरबार पडला बावळट, बिनचौकशी हुकूम सुटला की खाजवा. आणि मामा जों जों 'नाही, नाही' म्हणत, तों तों गनीम माजला.

मग अखेरचा डाव. हात मांडीवर होताच, तिथेच पसरलेल्या रुमालाआड मांडीला असा चिमटा काढला की डोळ्यांत टचकन पाणी. कारण वेदना थोरली जाऊ आणि खाज धाकटी. दोघी पाठीच्या कण्याच्या देवडीवर एकदम आल्या, की चौकीदार थोरलीला आत घेतो आणि धाकटीच्या तोंडावर दार लावतो. गनीम पळाला. मामा हलले नाहीत.

मालकीणबाई गहिवरल्या. "काय ती समाधी, डोळे भरून आले हो," म्हणाल्या, आणि हॉल बहाल केला.

घरी मामींनी मांडी पाहिली. "अहो, हा हिरवानिळा ताबा कोणाचा?"

"मनाचा," मामा म्हणाले आणि मलम मागितलं.

येणेप्रमाणे बैठक राखिली, मांडी खर्ची पडली, फत्ते जाहली. आता खरं सांग, तू असतास तर मांडी दिली असतीस, की मालकीणबाईंसमोर खुशाल खाजवलं असतंस?