सगळे पुसू?

एका जंगलात, मुलांनो, राजाचा घसा कायमचा बसला होता. प्रजेला याचा पत्ता नव्हता. रोज सकाळी दरबारातला संगणक त्याची जुनी डरकाळी वाजवी आणि सिंहमहाराज नुसता जबडा उघडीत. सगळे वेळेवर घाबरत. राज्य उत्तम चाललं होतं.

एके दिवशी संगणक सुरूच होईना. प्रधान कोल्ह्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने टिवल्या माकडाला बोलावलं. वायरी ओळखण्यात टिवल्या पटाईत होता.

"पेनड्राइव्हमध्ये दुरुस्तीच्या आज्ञा भरू," टिवल्या म्हणाला. "तो जोडला की संगणक त्यावरून जागा होईल."

पण जंगलातले सगळे पेनड्राइव्ह खारींनी बिया समजून पुरून ठेवले होते.

"मग नारोपंतांची गाण्याची डबी आणा. तीही चालते."

नारोपंत म्हणजे एक म्हातारं साळिंदर. जुन्या पोथ्यांचे मोठे पंडित. त्यांच्या त्या छोट्या प्लेअरमध्ये एकच ओवी होती, त्यांच्या गेलेल्या बायकोची, गोदूची. सुरुवातीला गोदू विचारायची, "अहो, सुरू झालंय का हे?" मग जरा खोकायची आणि गायची. दुपारचं जेवण झालं की पंत ते ऐकत. खोकल्यासकट.

"हिला काही होणार नाही ना?" पंतांचे काटे उभे राहिले.

"छे हो! यंत्र फार सभ्य असतं. विचारल्याशिवाय काही करत नाही. पडद्यावरची अक्षरं तेवढी तुम्ही वाचा. माझं वाचन जरा कच्चं आहे."

टिवल्याने डबी आपल्या लॅपटॉपला जोडली. पडद्यावर प्रश्न उमटला: "सगळे पुसू?"

पंत अडखळले. पुसू म्हणजे फडक्याने? पण फडकं तर कुठे दिसत नव्हतं. पोथ्यांमध्ये 'पुसणे' म्हणजे विचारणे. वाटसरू वाट पुसतो, शिष्य गुरूला पुसतो. तरीही त्यांना शंका आली.

"प्रधानजी, घरी जाऊन एकदा कोश पाहून येऊ का?"

"पंत, राज्य बुडायला आलंय आणि तुम्हाला कोश सुचतोय? एवढं शिकलात ते कशासाठी?"

पंत ओशाळले. आपल्याला नेहमीच नको त्या शंका येतात, असं त्यांना वाटलं. शिवाय यंत्राच्या तोंडी इतका जुना, घरंदाज शब्द पाहून त्यांना मनातून बरंही वाटत होतं.

"पूस बाबा," ते प्रेमाने म्हणाले आणि त्यांनी 'हो' दाबलं.

दुसऱ्या दिवशी डरकाळी घुमली. हरणं पळाली. महाराजांनी जबडा अगदी वेळेवर उघडला. प्रधानजींनी स्वतःचा सत्कार करून घेतला.

पंतांनी डबी कानाला लावली. आत काहीच नव्हतं. खोकलासुद्धा नाही.

"टिवल्या, आमची गोदू कुठाय रे?"

"पुसली गेली की. त्याने विचारलं नव्हतं का?"

पंतांनी डबी कानापासून खाली घेतली. "पुसलं होतं," ते म्हणाले.

महाराजांना फार वाईट वाटलं. डबीत जागा होतीच. त्यांनी बक्षीस म्हणून तीत आपली डरकाळी भरून दिली.

अजूनही जेवण झालं की पंत डबी कानाला लावतात. डरकाळी फुटायच्या आत घाईघाईने स्वतःच पुटपुटतात, "अहो, सुरू झालंय का हे?" मग जरा खोकतात.

तात्पर्य: यंत्र पुसल्याशिवाय पुसत नाही. म्हणून दोष कधीच यंत्राचा नसतो. तो 'हो' म्हणणाऱ्याचा असतो, आणि त्या कामासाठी दरबारात एक तरी विद्वान हाताशी ठेवावा.