संयोगिताबाईंचा पाठ आणि पाच मेंढरं

कुपवाडच्या कारखान्यात लेथ चालवणाऱ्या बिरदेवने बायकोला इंग्रजीत मदत करायचं ठरवलं, तिथंच सगळं बिघडलं. (त्याचं स्वतःचं इंग्रजी सुट्टीच्या अर्जापुरतं होतं आणि तो अर्जही दुसराच कुणीतरी लिहून द्यायचा.)

संयोगिताला जवळच्या इंग्रजी शाळेत नोकरी हवी होती. तीन वर्षं शिकवण्या घेऊन ती विटून गेली होती. उद्या संस्थेच्या अध्यक्षांसमोर आठवीला नमुना पाठ द्यायचा, आवडला तर नेमणूक. विषय मिळाला होता इंग्रजी वाक्यातली उलटापालट. एरवी ‘आय’ पुढे आणि ‘हॅव’ मागे चालतं. पण प्रश्न विचारायचा असला किंवा ‘नेव्हर’सारखा शब्द वाक्याच्या तोंडाशी येऊन बसला, की ‘हॅव’ उडी मारून ‘आय’च्या पुढे जातं.

“आवं, पोरं इचारतील, का जातं पुढं? काय सांगू मी?” संयोगिता रडकुंडीला आली होती.

बिरदेवला ते बघवेना. तो तडक वडिलांकडे, बिराप्पांकडे गेला. त्यांची मेंढरं शाळेमागच्या रानात बसली होती.

“आबा, मागचं पुढं कवा जातं?”

“आरं, सोपं हाय,” बिराप्पा तंबाखू मळत म्हणाले. “रोज मेंढरं पुढं, धनगर मागं. पर डांबरी रस्ता आडवा आला, की धनगर पुढं आन् मेंढरं मागं. न्हाईतर ट्रकखाली जात्याल.”

बिरदेवच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. (त्याच्या डोक्यात प्रकाश पडला, की घरातली माणसं घाबरतात.)

दुसऱ्या दिवशी पाठ रंगात आला असताना एका पोरीने विचारलंच, “मॅडम, हॅव पुढे का जातं?” तेवढ्यात मागच्या दारातून पाच मेंढरं वर्गात शिरली आणि त्यांच्या मागून काठी घेतलेला बिरदेव.

“बघा पोरांनो! मेंढरं म्हंजी आय, मी हॅव! ही साधी चाल!” तो ओरडला. मग दोन बाकांमधल्या वाटेवर काठी आडवी टाकून त्याने जाहीर केलं, “हा नेव्हर, म्हंजी डांबरी रस्ता!” आणि उडी मारून तो मेंढरांच्या पुढे गेला.

पोरांना समजलं. आठवीच्या पोरांना इंग्रजी व्याकरण एवढं चटकन समजल्याचं त्या शाळेत कुणाला आठवत नव्हतं. पण मेंढरांना समोर अध्यक्ष दिसले. त्यांच्या हातात स्वागताचा पुष्पगुच्छ होता आणि त्यात भरपूर हिरवा पाला होता.

मोठ्या मेंढ्याने पहिला घास घेतला. गुच्छ टाकून द्यायचं काही अध्यक्षांना सुचलं नाही. तो छातीशी धरून ते पळत सुटले. व्हरांडा, पाण्याची टाकी, झेंड्याचा खांब! पाचही मेंढरं मागे, त्यांच्या मागे बिरदेव आणि खिडकीत लोंबकळून अख्खी आठवी बिरदेवला ओरडून सांगत होती, “काका, काठी आडवी टाका! नेव्हर टाका!”

शेवटी कुंपणापलीकडून बिराप्पांनी हाळी दिली, तेव्हा मेंढरं गुमान रानात गेली.

अध्यक्ष वर्गात परतले ते घामाघूम होऊन. हातात नुसत्या काड्या उरल्या होत्या. दारात काठी घेऊन उभ्या असलेल्या बिरदेवकडे बोट दाखवून ते कडाडले, “मॅडम, हा माणूस तुमच्या ओळखीचा आहे?”

बिरदेवने शर्टाची कॉलर सारखी केली. संयोगिताने नवऱ्याकडे एकदा पाहिलं, फळ्याकडे एकदा पाहिलं, आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “नेव्हर हॅव आय सीन हिम, सर!”

“वा! ह्याला म्हणतात उदाहरण!” अध्यक्षांचा राग कुठल्या कुठे पळाला. “सोमवारपासून रुजू व्हा.”

आठवीने टाळ्यांचा कडकडाट केला. बिरदेव मात्र दारातच खिळून राहिला. जन्मात पहिल्यांदाच त्याला इंग्रजीचं अख्खं वाक्य समजलं होतं.