रामटेके मामांच्या सशाचे दात

रामटेके मामा रस्त्यात भेटले की आधी तुमच्या कुत्र्याला म्हणतात, "आ कर." तुमचा जय भीम त्यानंतर घेतात.

बालाघाटच्या आमच्या वॉर्डातलं एकही कुत्रं-मांजर या तपासणीतून सुटलेलं नाही. मिठाईवाल्याच्या पॉमेरियनचे दुधाचे दात पडलेच नव्हते, पक्के त्यांच्या शेजारीच उगवले होते. मामांनी ती दुहेरी रांग गिऱ्हाइकांना बोलावून दाखवली. पुजाऱ्याच्या मांजरीच्या हिरड्या सडल्या, तेव्हा भर आरतीत सुनावलं की देवाचं राहू दे, आधी हिचे पेढे बंद कर.

मामा भरवेलीच्या खाणीतून रिटायर झालेले. घरात एकटे, सोबतीला बंटी नावाचा ससा. बंटीचे पुढचे दात जन्मतःच वाकडे. सशाचे दात आयुष्यभर वाढतात, आणि वरचे-खालचे एकमेकांवर घासून झिजतात. बंटीचे एकमेकांवर बसतच नाहीत, म्हणून अधूनमधून मशीनने आखूड करावे लागतात. डॉक्टरांनी हे समजावलं तेव्हा मामा म्हणाले, "आपल्या नेत्यायले बी हाच रोग हाय. वाढूनच राह्यले, झिजत काई नाई."

असा माणूस वॉर्डाच्या पाणीटंचाईच्या मोर्चाला अध्यक्ष हवाच, म्हणून मी पत्रकावर त्यांचं नाव छापलं. मोर्चाच्या सकाळी घ्यायला गेलो, तर मामा टोपलीत ससा घेऊन दारात उभे. त्यानं कालपासून तोंडात काही घेतलं नव्हतं. न खाणारा ससा फार टिकत नाही.

मी भडकलो. वस्तीला प्यायला पाणी नाही आणि अध्यक्षांना सशाची पडली आहे, असं बरंच ऐकवलं. मामा माझ्या गाडीवर मागे बसले.

"भाषन मंग दे. आधी दवाखान्यात चाल."

डॉक्टरांनी दात घासून दिले आणि म्हणाले, आता खाल्लं तर वाचला. मामा कोथिंबीर धरून बाकावर बसले. खाणीत सुरुंग लावलेला माणूस सशाच्या तोंडापुढे एकेक काडी फिरवत होता.

"मामा, एका सशापायी इतकं काहून करता?"

"पुन्याले जाताना नातीनं माह्यापाशी ठेवला. रोज फोन करते, नाना, बंटी जेवला का म्हनते. हा गेला तर मंग फोनवर ते काय इचारन मले?"

मोर्चातून येणाऱ्या कॉलनी माझा फोन सारखा वाजत होता. मी तो बंद केला.

बऱ्याच वेळानं बंटीनं एक पान ओढलं, मग दुसरं. मामांनी माझ्याकडे न बघता आपला मोबाइल पुढे केला.

"व्हिडिओ काढ. पोरीले धाडतो."

मी काढू लागलो. मामा जरा पुढे वाकले.

"माहं बी तोंड येऊ दे थोडंसं."