साहेबरावची साखर आणि माझं कॅलिब्रेशन

बोक्याची साखर घरी मीच मोजणार, असं मी एका रविवारी सकाळी जाहीर केलं आणि तिथेच सगळं बिघडलं. (बिघडलं ते माझ्यामुळे, असं घरात अजून बोललं जातं. घरात म्हणजे माझी बायको, अरुंधती. बोका बोलत नाही, पण त्याचंही मत तेच असावं.)

बोक्याचं नाव साहेबराव. वजन साडेसात किलो, वय नऊ, काम शून्य. प्राण्यांच्या डॉक्टर, वाकडच्या साबिया यांनी त्याला डायबेटिस असल्याचं सांगितलं तेव्हा मी मोठ्यांदा हसलो होतो. मांजराला डायबेटिस! आमच्या लहानपणी मांजरं उंदीर खायची आणि कुठेतरी जाऊन मरायची, त्यांना असले श्रीमंती आजार होत नसत. डॉक्टर अजिबात हसल्या नाहीत. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन, आणि प्रत्येक इंजेक्शनच्या आधी साखर तपासायची, असं त्यांनी लिहून दिलं.

"रोज इथे आणणं तुम्हाला परवडणार नाही आणि त्यालाही मानवणार नाही," त्या म्हणाल्या. "घरीच तपासा. माणसांचं साधं मशीन चालेल. मांजराचा आकडा ते थोडा कमी दाखवतं, पण चढउतार कळतो. दीडशेच्या खाली आला तर इंजेक्शन देऊ नका आणि लगेच मला फोन करा."

नेमकं येत्या सोमवारपासूनच अरुंधतीचं शाळेतर्फे कोल्हापूरला पाच दिवसांचं ट्रेनिंग होतं. बॅग भरता भरता तिने विचारलं, "अहो, तुम्हाला जमेल ना?"

मला जमेल का? मला? चाकणला ब्रेकच्या कंपनीत मी बावीस वर्षं क्वालिटीत आहे. मी मान हलवली की मालाचा ट्रक गेटवरून परत जातो. तिथे मी केसाच्या दहाव्या भागाइतका फरक पकडतो, आणि इथे मला एका बोक्याचा कान टोचून थेंबभर रक्त काढता येईल का, असा प्रश्न! चिंचवड स्टेशनजवळच्या तौसिफच्या मेडिकलमधून सर्वांत स्वस्त मशीन आणलं आणि एक कोरं रजिस्टर उघडलं.

आता आमच्या धंद्यातला पहिला नियम सांगतो. मोजायचं साधन कितीही नवं असो, ते आधी मास्टरवर तपासायचं. मास्टर म्हणजे ज्याचं माप अचूक असल्याचं आधीच माहीत आहे असा तुकडा. साधनाने मास्टरचं माप बरोबर दाखवलं, तरच पुढे माल मोजायचा. डॉक्टर लोकांना हे कोणी शिकवत नाही. मशीन डब्यातून काढतात आणि थेट पेशंटला टोचतात. मला अशा लोकांची कीव येते.

घरात ठणठणीत, निर्दोष, मास्टर म्हणून धरावं असं कोण होतं? अर्थात मी. एक्कावन्न वर्षांचा, एकही आजार नाही. (एकही तपासणीही नाही. पण ज्याची तक्रार आलेली नाही तो माल ओके, असं आम्ही धरतो. धरायचं नसतं, पण धरतो.)

सोमवारी सकाळी चहाच्याही आधी मी माझं बोट टोचलं. मशीनने दाखवलं, २३१.

मला आनंदच झाला. स्वस्तातला माल पहिल्याच तपासणीत उघडा पडला होता! मी तसाच तौसिफच्या दुकानात गेलो आणि मशीन काउंटरवर आपटलं.

"हे कंडम आहे. बदलून दे."

तौसिफने स्वतःचं बोट टोचलं. "शहाण्णव. साहेब, मशीन एकदम ओके हाय."

"दुकानदार स्वतःच्या मालाला ओकेच म्हणणार."

"तसं न्हाई साहेब. राग नका मानू, पण तुमी एकदा लॅबमध्ये जाऊन..."

"लॅबचं मला सांगू नकोस. आमच्या कंपनीत लॅब आहे, एसीची."

"मग तिथं दाखवा की, भावा," तो हताश होऊन म्हणाला. मी त्याच्याकडे तुच्छतेने पाहिलं आणि घरी आलो. रजिस्टरमध्ये स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'दुकानदार, ९६. ग्राह्य नाही.'

पण मी रडत बसणारा माणूस नव्हे. साधन ठरावीक फरकाने चुकत असेल तर तेवढा फरक वजा करून काम चालवता येतं. निरोगी माणसाची उपाशीपोटी साखर शंभर धरू. मशीन दाखवतं २३१. म्हणजे १३१ जास्त. मग साहेबरावला टॉवेलात गुंडाळलं, कान चोळून गरम केला, कडेला टोचलं. (हे लिहिलंय एका ओळीत, झालं पाऊण तासात. दोन्ही हातांवरचे ओरखडे मी कंपनीत मशिनिंगचे म्हणून सांगितले.) आकडा आला २६८. वजा १३१. उत्तर १३७.

दीडशेच्या खाली! इंजेक्शन नको. डॉक्टरांना फोन करायला सांगितलं होतं खरं, पण फोन केला असता तर त्यांना हे सगळं गणित पहिल्यापासून समजावत बसावं लागलं असतं. माझी शिफ्टची बस चुकली असती.

संध्याकाळी अरुंधतीचा फोन आला. "साहेबराव किती?"

"एकशे सदतीस."

"अगंबाई, इतकं छान? इंजेक्शन?"

"डॉक्टरांच्या नियमाप्रमाणे," मी म्हणालो. खोटं बोललो नाही.

मंगळवार, बुधवार, गुरुवार, रोज सकाळ-संध्याकाळ मी आधी स्वतःला टोचून फरक काढला, मग त्याला टोचलं. त्याचा आकडा वाढत होता, पण माझाही वाढत होता, त्यामुळे उत्तर झकास येत होतं. साहेबराव पाण्याच्या भांड्याजवळून हलेनासा झाला. मी म्हटलं, उन्हाळा आहे. जेवेनासा झाला. मी म्हटलं, बाई घरी नाही म्हणून नखरे.

शुक्रवारी संध्याकाळी अरुंधती घरी आली. एरवी तिच्या चपलांच्या आवाजावर धावत जाणारा साहेबराव भांड्याशेजारी आडवा पडला होता. त्याने फक्त डोळे उघडले. तिने बॅग दारातच टाकली, त्याला उचललं आणि मला विचारलं, "याला इंजेक्शन कधी दिलंत?"

"द्यायची गरजच पडली नाही."

तिने लगेच कॅब बोलावली. वाकडपर्यंत ती बोक्याला छातीशी धरून बसली होती आणि रडत होती. मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली.

डॉक्टरांनी सलाइन लावलं, इन्सुलिन दिलं. "अजून एक दिवस गेला असता तर हाती लागला नसता," त्या म्हणाल्या आणि हात पुढे केला. मी रजिस्टर दिलं. मला वाटलं, निदान अक्षराचं कौतुक होईल.

"'मास्टर, २३१.' हा मास्टर कोण?"

"मी."

"उपाशीपोटी?"

"चहाच्याही आधी. तपासणीत मी तडजोड करत नाही."

त्यांनी चष्मा काढला. "आणि हा दुकानदार, ९६? तुमच्या हिशोबाने याची साखर उणे पस्तीस येते. जिवंत आहे ना?"

"काल दुकान उघडं होतं," मी म्हणालो.

"म्हणजे मशीन बरोबर होतं," अरुंधती सावकाश म्हणाली.

"मशीन बरोबर होतं. बोक्याचे आकडेही बरोबर होते," डॉक्टर म्हणाल्या. मग दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. सुई टोचलेला साहेबरावचा पाय टेबलावर निपचित पडला होता. बावीस वर्षांत मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

तो वाचला. त्याचं पथ्य सुरू झालं, आणि माणसांच्या डॉक्टरांकडून माझंही. अडीच महिन्यांनी डॉक्टर साबियांनी साहेबरावचं इन्सुलिन बंद केलं. मांजरांचं कधीकधी असं होतं म्हणे. माझ्या गोळ्या मात्र एकीच्या दोन झाल्या होत्या.

"बघा," अरुंधती म्हणाली, "तो किती नीट पथ्य पाळतो."

"त्यात काय मोठं?" मी फिस्सकन हसलो. "त्याला फ्रिज उघडता येत नाही."

दुसऱ्या दिवशी शिफ्ट संपवून घरी आलो तर फ्रिजला कुलूप होतं. किल्ली साहेबरावच्या गळ्यातल्या पट्ट्याला अडकवलेली होती, आणि साहेबराव कपाटावर बसला होता.